तिसऱ्या मजल्यावरची देवी

"हेल्मेट," मी म्हटलं.

"अवं चंदे, अजून गेटाच्या बाहेर आहो आपण. इथं काय आभाळ पडते का डोक्यावर?"

"हेल्मेट घाल, मग बोल."

प्रफुल्लनं तोंड वाकडं करून हेल्मेट चढवलं. प्रफुल्ल तायडे हा अकोल्यातला लग्नाचे फोटो काढणारा माणूस. सहा दिवस नवऱ्यामुलाला 'जरा हसा भाऊ' म्हणायचा आणि रविवारी माझ्यासोबत बंद पडलेल्या गिरण्या, जिनिंगचे कारखाने, ओसाड गोदामं धुंडाळायचा. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. लोक रविवारी मटण करतात, आम्ही गंजलेल्या बॉयलरचे फोटो काढायचो. शेजारच्या काकू मला म्हणायच्या, "पोरी, बागबगिचे मेले काय सारे?" मी हसून सोडून द्यायचे. काकूंना काय सांगणार की भिंगातून बघताना गंजाचा रंग कसा दिसतो!

पण त्या रविवारी आम्ही गंजासाठी गेलो नव्हतो.

गावाबाहेरची ती जुनी तेलगिरणी माझ्या लहानपणीच बंद पडली होती. मालक बुडाला, कामगार पांगले, आणि गिरणी तशीच उभी राहिली. आता एका भंगारवाल्या ठेकेदारानं ती अख्खी विकत घेतली होती. त्याची चिठ्ठी घेऊन आम्ही आलो होतो. आम्ही कधी कुंपणावरून उडी मारून शिरलो नाही. परवानगी नसेल तर मी गेटावरून परत फिरायचे, मग आत ताजमहाल का असेना.

गेटवरच्या वॉचमननं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "फोटो काहाडता? याचे? उद्या सकायी गॅस कटरवाले येतात. अंधार पडाच्या आत भाईर या बापा, नाहीतर मले शिव्या बसतीन."

"येतो भाऊ," मी म्हटलं. 

गिरणी पाडणार ही बातमी बाबांना चहाच्या टपरीवर कळली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. माझे बाबा म्हणजे नथ्थुजी खंडारे, गावातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची फुलं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. गिरणीतही 'सावधान', 'विडी ओढू नये' अशा पाट्या रंगवायला ते जायचे. आता हात थरथरायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

"बाबा, जेवत का नाही? काय झालं?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तथी तुही माय हाये."

मला काही कळेना. आई मी दीड वर्षांची असताना गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात फोटोवाला सांगायची ऐपत नव्हती, आणि नंतर, 'काढू कधीतरी' म्हणता म्हणता ती कावीळ होऊन गेली. ती कशी दिसायची हे मी लहानपणी सगळ्यांना विचारायचे. कुणी म्हणायचं सावळी, कुणी म्हणायचं ठेंगणी, कुणी म्हणायचं तुझ्यासारखीच. तुझ्यासारखीच म्हणणाऱ्यांचा मला फार राग यायचा. मग मी आरशात बघत बसायचे आणि मला मीच दिसायचे.

"ती गेली त्याच वर्षी," बाबा म्हणाले, "गिरणीतल्या लोकायनं खंडेनवमीले म्हटलं, नथ्थू, हत्यारांची पूजा हाये, तिसऱ्या मजल्यावरच्या भिताडावर देवी काढ. मी काढली. चेहरा काढाले बसलो त् हातातून तिचाच निंगाला. मी काही ठरवलं नोहतं, माय. लोकायनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाया पडले. मी कोपऱ्यात उभा. मेलेल्या बाईले देवी करून बसवली, पाप लागन म्हनून कोनालेच सांगतलं नाही."

"मग आता काढा ना बाबा! मला कागदावर काढून दाखवा."

"आता डोये मिटले की देवी दिसते. ती नाही दिसत."

हे त्यांनी इतकं साध्या आवाजात सांगितलं की मला रडूही आलं नाही. मी उठून प्रफुल्लला फोन लावला.

आमचा एक नियम होता, तो इथं सांगितला पाहिजे. माझाच नियम. पूर्वी आमच्यासोबत एक तिसरा मुलगा यायचा. एका जिनिंगच्या माळ्यावर त्याला भीती वाटत होती, पण आम्ही हसू म्हणून तो बोलला नाही. फळी मोडली, खाली पडला, मांडीचं हाड मोडलं. जन्माचा लंगडा झाला. त्यानंतर मी ठरवलं: आत गेल्यावर कुणीही 'परत' म्हटलं की सगळ्यांनी तिथल्या तिथं थांबायचं आणि आल्या पावली मागं फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही. तेव्हाही नाही, बाहेर चहा पिताना नाही, कधीच नाही. कारण विचारायला लागलं की माणूस आपलं कारण पुरेसं आहे का हे तोलायला लागतो, आणि तेवढ्यात फळी मोडते. प्रफुल्ल चेष्टा करायचा, "लग्नातही हा नियम पायजे. अंतरपाट धरला आन् नवरदेव म्हनला, परत!" पण पाळायचा मात्र कसोशीनं.

दुसरा एक नियम होता, तो प्रेमाचा. जागा ज्याच्या जिव्हाळ्याची, पहिला फोटो त्याचा. दुसऱ्यानं त्याच्या आधी बटण दाबायचं नाही.

आत शिरलो. तोंडाला मास्क, पायात जाड बूट, हातात जमीन ठोकून बघायची काठी. खालच्या मजल्यावर घाण्यांचे नुसते चौथरे उरले होते. इतकी वर्षं झाली तरी सरकीच्या पेंडीचा खवट वास होता. जिना लोखंडी. एकेक पायरी काठीनं ठोकत, एका वेळी एकच माणूस, असं करत वर गेलो.

तिसऱ्या मजल्याच्या दारात मी थांबले. लांबच लांब दालन. जमीन लोखंडी पत्र्यांची, काही ठिकाणी गंजून आरपार गेलेली, खालचा मजला दिसत होता. मधोमध एक उंच टाकी, आणि टाकीच्या पलीकडं शेवटची भिंत. दारातून समोर मला फक्त टाकीच दिसत होती. डाव्या हाताला जिथं प्रफुल्ल सरकून उभा राहिला, तिथून टाकीच्या कडेनं पलीकडचं थोडं दिसत असावं. वरची कौलं निघाल्यामुळं तिकडं ऊन पडलं होतं.

"गर्डरवरून जा," तो म्हणाला. "रिव्हेटची रांग सोडू नको."

"मला शिकवू नकोस. माझेच धडे आहेत."

"म्हनूनच सांगतो. आज तुझं डोकं ठिकाणावर नाही."

ते खरं होतं. त्यानं तिपाई लावली, लांब पल्ल्याची लेन्स चढवली. मी चालताना तो लेन्समधून पुढची जमीन तपासून मला सांगणार, असं ठरलं होतं. रिव्हेट म्हणजे पत्रा खालच्या गर्डरला, लोखंडी तुळईला, जोडणारे जाड खिळे; त्यांच्या रांगेखाली तुळई असते. मी त्या रांगेवर पहिलं पाऊल टाकलं.

"पुढं ठीक आहे," तो म्हणाला.

मी काठी ठोकायचे, पाऊल टाकायचे, पुन्हा काठी. चालताना फक्त चालायचं, बघायचं असेल तर थांबून बघायचं, हाही आमचाच धडा. त्यामुळं मी मान वर केली नाही. मनात मात्र सारखं एकच चालू होतं. नाक कसं असेल? कपाळ मोठं असेल का? माझ्या भुवया जाड आहेत, त्या तिच्या की बाबांच्या? बत्तीस वर्षांची घोडी मी, आणि शाळेच्या पहिल्या दिवशीसारखी पावलं मोजत होते.

टाकीपर्यंत आले. टाकीला हात लावला. आता फक्त तिला वळसा घालायचा होता.

"चंदे," मागून प्रफुल्लचा आवाज आला. "परत."

मी थांबले.

"परत, चंदे."

मी जिथं उभी होते तिथल्या पत्र्याकडं पाहिलं. मला तर तो धड दिसत होता. काठीचा आवाज भरीव येत होता. पण माझ्या पुढचं, टाकीच्या पलीकडचं मला दिसत नव्हतं आणि त्याला दिसत होतं. वळसा घालायला किती लागलं असतं? डोळ्यांची उघडझाप करायला लागतो तेवढा वेळ. तोंडाशी आलेलं 'का रे' मी गिळलं. दुसऱ्या कुणाला मी तिथं विचारू दिलं नसतं, मग स्वतःला कशी देऊ? मी वळले आणि रिव्हेटच्या त्याच रांगेवरून परत आले.

जिन्यात मात्र एका पायरीवर बसून मी हमसून हमसून रडले. प्रफुल्ल जिन्याच्या खालच्या टप्प्यावर उभा राहिला. एरवी तोंड बंद न ठेवणारा माणूस, त्या दिवशी हेल्मेटचा पट्टा नुसता सोडत-आवळत राहिला.

घरी बाबा ओट्यावर वाट बघत बसले होते. नवीन धोतर नेसून.

"पायली का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. जमीन वाईट होती. पोचता आलं नाही."

"बरं," ते म्हणाले. "तू सुखरूप आली ना. बरं." आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी दोर, फळ्या, काय काय घेऊन मी एकटीच गिरणीवर गेले. एकटीनं जायचं नाही हा माझा नियम मी त्या दिवशी मोडायला निघाले होते. पण गॅस कटरवाल्यांनी सगळ्यात आधी जिनाच कापला होता. तो खाली मातीत आडवा पडला होता. मुकादम म्हणाला, "बाई, पलीकडून मशीन लावलं आहे, भिंत आजच जाईल, व्हा मागं." मी त्याच्या पाया पडायची तेवढी राहिले. दुपारी ती भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. धुळीचा लोट उठला, तो मी गेटवर वॉचमनशेजारी उभी राहून पाहिला. त्या हिवाळ्यात बाबाही गेले.

प्रफुल्लवर मी रागावले नाही. रागवायचं कशासाठी? त्यानं माझा जीव वाचवला होता. सगळ्यांना मी हेच सांगायचे. पण रविवारी त्याचा फोन आला की मला काहीतरी काम निघायचं. नंतर त्याचे फोन थांबले. मग कळलं की तो पुण्याला गेला, मोठ्या स्टुडिओत लागला. जाताना भेटायला आला नाही, आणि मीही बोलावलं नाही.

मी मात्र ते काम सोडलं नाही. उलट वाढवलं. नवी पोरं कॅमेरे घेऊन पडक्या इमारतींत घुसायला लागली होती, मोबाइलवर टाकायला छतांवर लटकायला लागली होती. त्यांना शिकवायला मी कॉलेजात, फोटोग्राफी क्लबात भाषणं द्यायला लागले. हेल्मेट, परवानगी, रिव्हेटची रांग, एकट्यानं न जाणं. आणि शेवटी 'परत'चा नियम. तो सांगताना मी तेलगिरणीचा किस्सा सांगायचे. "माझ्या आईचा जगातला एकमेव चेहरा टाकीच्या पलीकडं होता. माझा साथीदार म्हणाला, परत. मी परतले. का म्हणून आजवर विचारलं नाही. म्हणून मी आज तुमच्यासमोर जिवंत उभी आहे."  मग टाळ्या पडायच्या. एकदोन पोरी रडायच्या.

त्यातलं एक भाषण कुणीतरी मोबाइलवर टाकलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे गिरणी पडल्यावर अकरा वर्षांनी, प्रफुल्ल माझ्या दारात उभा होता. पोट सुटलेलं, केस पांढरे, हातात शेगावच्या कचोरीचा पुडा.

"हेल्मेट नाही घातलं. येऊ का आत?" तो म्हणाला.

मला हसूच आलं. इतकी वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. "ये रे बाबा," मी म्हटलं. चहा टाकला. भाचीच्या लग्नाला आलो, म्हणाला. बायकोचं, पोरांचं, पुण्याच्या भाड्याचं बोलणं झालं. कचोरी दोघांनी खाल्ली. मग त्यानं कप खाली ठेवला.

"चंदे, तू तो किस्सा सांगत जाऊ नको."

"कोणता?"

"गिरणीचा. पोरांना सांगते तो. मी पाहिलं मोबाइलवर." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "जमीन पक्की होती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"टाकीच्या पलीकडं पत्रा नवा होता," तो म्हणाला. "म्हैस गेली असती वरून. जमिनीसाठी नव्हतं म्हटलं मी परत."

"मग कशासाठी?" ते 'का' अखेर माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"देवीला चेहरा नव्हता, चंदे. गिरणी बंद पडायच्या आधी कधीतरी त्यांनी नवा पाईप काढला असेल बाहेर. भिंतीला भोक पाडलं, ते बरोबर चेहऱ्यावरच. हा एवढा गोल. पाईप कुणीतरी चोरून नेला आणि भोक तसंच. त्यातून बाहेरचं बाभळीचं झाड दिसत होतं." तो थांबला. "तू त्या दिवशी मास्कच्या आत पावडर लावून आली होतीस. मायला भेटायला जाते म्हणत होतीस रस्त्यानं. मी लेन्समधून ते भोक पाहिलं आणि तू टाकीपाशी पोचलेली. मला काही सुचलंच नाही. तोंडातून परत निघालं."

"आणि सांगितलं नाहीस! जिन्यात मी ऊर फुटेस्तोवर रडत होते. बाबा निजले ते भिंतीकडं तोंड करून. अरे, एका शब्दानं सांगायचं!"

"तू विचारशील म्हणून वाट पाहिली. जिन्यात पाहिली, गाडीवर पाहिली. वर्षभर पाहिली. तू विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो."

"विचारायचं नाही असं ठरलेलं ना आपलं!"

"आता मी काय सांगू त्याला," तो म्हणाला.

मी उठून खिडकीशी गेले. मला त्याला घराबाहेर काढावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. आई तिथं आहे आणि मी पोचले नाही, हे मी अकरा वर्षं उशाशी घेऊन निजले होते. आणि तिथं बाभळ होती. रागाचा जोर ओसरला तेव्हा मी परत येऊन बसले. त्याचं काय चुकलं होतं, हे मला सांगता आलं नसतं.

"बाकी काय होतं?" मी विचारलं. "चेहरा नाही, मग काय होतं भिंतीवर?"

"बाकी सगळं होतं. रंग जसाच्या तसा. लाल लुगडं, वाघ, आठ हात. हातांत गिरणीचीच हत्यारं, पाना, हातोडी, तेलाची झारी. झकास काढली होती तुझ्या बाबांनी. सहीसुद्धा होती."

"खाली कोपऱ्यात?"

"नाही. हातावर. एका हाताच्या आतल्या बाजूनं, मनगटाच्या वर. हिरवट निळ्या रंगात. 'नथ्थू'."

"एन. के. आर्ट्स नव्हतं?"

"नाही. नुसतं नथ्थू."

बाबांनी जन्मात कुठल्या पाटीवर 'नथ्थू' लिहिलं नाही. ते नाव त्यांना गावंढळ वाटायचं. गावभर त्यांची सही उजव्या कोपऱ्यात, 'एन. के. आर्ट्स', खाली साल. हिरवट निळ्या रंगात, मनगटाच्या वर, नवऱ्याचं नाव. आमच्याकडच्या बायांच्या हातांवर ते कुठं असतं हे मला ठाऊक होतं. प्रफुल्लच्या आईच्या हातावरही होतं.

"प्रफुल्ल," मी म्हटलं, "ती सही नव्हती. ते गोंदण होतं."

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सगळ्या हातांवर होतं?" मी विचारलं.

"एकाच." त्यानं कप बाजूला सरकवला. "तो हात वेगळाच होता, चंदे. बाकीचे सात गोरे, कॅलेंडरातल्या देवीसारखे. हा एक सावळा. मला वाटलं, ओल येऊन रंग काळा पडला."

"फोटो काढलास?"

मला उत्तर माहीत होतं. त्यानं मान हलवली. "पहिला तुझा होता ना."

म्हणजे ती होती तिथं. टाकीच्या पलीकडं, धड, पक्क्या जमिनीवर उभं राहून बघता आली असती अशी. चेहरा नसला तर नसला. मला हात पुरला असता.

"सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"हात. जसा दिसला तसा सांग."

त्यानं डोळे मिटले. "पान्याला धरलेला. बोटं आखूड होती. जाडसर, काम केलेल्या बाईची. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. मनगट चांगलं मजबूत."

मी माझा अंगठा पाहिला. तो सरळ होता. "आणि बांगड्या?"

"हिरव्या असतील."

"असतील नको रे," मी म्हटलं. "दिसलं तेवढंच सांग."

 बाहेर कुणीतरी गाडी चालू केली, ती गल्लीतून निघून गेली, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"नाही आठवत, चंदे," तो म्हणाला.